आवाजाचं बिऱ्हाड

मी आयुष्यात तीनदा बिऱ्हाड हलवलं आणि तिन्ही वेळा एक गोष्ट पक्की कळली. टाकायच्या वस्तूंची यादी करणारा माणूस आणि पुढे त्या वस्तू शोधत बसणारा माणूस कधी एकच नसतो. दादरची चाळ सोडून डोंबिवलीला आलो तेव्हा मी 'अडगळ' म्हणून जो लोखंडी अडकित्ता भंगारवाल्याला दिला, तो आई पुढे तिच्या शेवटापर्यंत शोधत होती. 'इथंच कुठं तरी असेल' म्हणायची. मी काही बोललो नाही. भंगारवाल्यानं त्याचे बारा आणे दिले होते, हेही कधी बोललो नाही.

यंदा चौथ्यांदा बिऱ्हाड हलवायची वेळ आली. या खेपेला सामान अगदी थोडं होतं, सत्तावीस मिनिटं फक्त. एका कॅसेटमधून उचलायचं आणि कॉम्प्युटरात नेऊन ठेवायचं. टेम्पो नको, हमाल नको. म्हटलं, हे आपल्याच्यानं होईल.

कॅसेटची हकिगत अशी. १९८१ साली ताई लग्न होऊन अमेरिकेत, न्यू जर्सीला गेली. तेव्हा तिकडे फोन करायचा म्हणजे ट्रंक कॉल लावून दिवसभर दाराकडे कान देऊन बसायचं. तो लागला की तीन मिनिटं मिळायची. त्यातलं पहिलं मिनिट 'हॅलो, ऐकू येतंय का' यात जायचं, दुसरं आईच्या रडण्यात आणि तिसरं अण्णांच्या 'पुरे, पैसे होतायत' यात. तेव्हा १९८३च्या दिवाळीच्या आधी, शेजाऱ्यांचा जावई आखातातून आला आणि त्यानं सासऱ्यांना टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा अण्णांनी ठरवलं की ताईला आवाजाचं पत्र पाठवायचं. टपालखर्च नाही, कारण कॅसेट घेऊन जाणारा माणूस निघालेलाच होता. शेजाऱ्यांकडून यंत्र मागून आणलं. बटणं दाबायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरातला तरुण, पदवीधर आणि बँकेत कारकून मीच होतो.

ती कॅसेट ताईला गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पहिली पाच मिनिटं ऐकली. त्यांच्या उपदेशाच्या ऐन मध्यावर कुकरची शिट्टी झालेली होती. त्यांनी सगळी कॅसेटच रद्द ठरवली. दुसरी आणली, शेजाऱ्यांना स्वतः बटणं दाबायला बोलावलं, कुकर बंद, खिडक्या बंद, आणि पुन्हा सगळं नव्यानं भरून पाठवलं. ती शुद्ध प्रत अमेरिकेत मेहुण्यांच्या टेपरेकॉर्डरनं वर्षभरात खाल्ली. इकडे ही अशुद्ध मात्र शेवेच्या डब्यात पडून राहिली. वर अण्णांच्या लाल शाईतलं अक्षर: 'खराब. पुन्हा वापरता येईल.' अण्णांच्या लेखी जगातली कुठलीच वस्तू नुसती खराब नसे.

आता अण्णाही नाहीत, आईही नाही. त्या दोघांचा आवाज या भूतलावर तेवढ्या एका डब्यात उरलेला. ताई पंच्याहत्तरी ओलांडून गेली. तिला मी फोनवर कॅसेटबद्दल बोलून गेलो आणि ती म्हणाली, "मला पाठव. आहे तशी पाठव."

'आहे तशी' हे दोन शब्द किती अवघड आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

कॉम्प्युटरवर शोधायला गेलो तर आवाजाचा प्रकार बदलून देणारी सॉफ्टवेअरं लग्नसराईतल्या केटररांसारखी रांगेनं उभी. प्रत्येकजण म्हणतो मी मोफत, मी सर्वांत जलद, माझ्याकडे दोनशे प्रकार. पहिलं उतरवून घेतलं. अण्णा बोलू लागले: "चिरंजीव सौभाग्यवती बाळीस अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. तू प्रकृतीची—" आणि गप्प. खाली पाटी आली की मोफत आवृत्तीत एक तृतीयांशच रूपांतर होईल, उरलेल्यासाठी पैसे भरा. अण्णा हयात असते तर त्या कंपनीला त्यांनी पत्र लिहिलं असतं. दुसऱ्यानं काम पूर्ण केलं, पण स्वतःबरोबर तीन पाहुणे आणले. एक कॉम्प्युटर साफ करणारा, एक हवामान सांगणारा आणि एक कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिसरं तर सॉफ्टवेअरच नव्हतं, नुसती एक साइट होती. म्हणे फाइल आमच्याकडे पाठवा, आम्ही बदलून परत देतो. माझं बोट माउसवर होतं. एकदम मनात आलं, की आईनं उभ्या जन्मात परक्या माणसासमोर मोठ्यानं शब्द काढला नाही. तिचा आवाज मी कुठल्या देशातल्या कुणाच्या दारात नेऊन ठेवतोय? बोट उचललं.

शेवटी नातवाला शरण गेलो. नातू दहावीत आहे, म्हणजे या विषयात त्याचं पदव्युत्तर शिक्षण झालेलं आहे. तो म्हणाला, "आजोबा, त्या चकचकीत कन्व्हर्टरांच्या नादी लागू नका. त्यातल्या कितीतरी जणांच्या आत एकच आचारी असतो. त्याचं नाव एफएफएमपेग." हा आचारी फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच माणसानं २००० साली उभा केला. तो फुकट आहे, पण त्याला खिडकी नाही, बटण नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करावी लागते, आणि त्यात एक टिंब चुकलं की तो मान वळवतो. माझ्या वयाला हे मानवणारं नव्हतं. मग त्यानं ऑडॅसिटी घालून दिलं. हेही फुकटच, २०००पासूनचंच, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात दोघांनी सुरू केलेलं. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर कॉम्प्युटरात घातली की इकडे कॅसेट फिरते आणि तिकडे पडद्यावर आवाज डोंगररांगेसारखा उमटत जातो. अण्णा सह्याद्री. आई कोकणातल्या टेकड्या.

"आता सांगा," नातू म्हणाला, "तुम्हाला आवाज जसाच्या तसा हवाय, की चांगला हवाय?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"दोन्ही नाही मिळत."

पंधरा वर्षांच्या मुलानं इतक्या सहज हे वाक्य टाकलं. मला ते कळायला सत्तरी उलटावी लागली होती.

जसाच्या तसा हवा असेल तर डब्ल्यूएव्ही. यात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० तुकडे करून प्रत्येकाची उंची लिहून ठेवतात. ही चोपडी मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा खाते, म्हणजे आमचं सत्तावीस मिनिटांचं बिऱ्हाड पावणेतीनशेच्या घरात. फ्लॅक हा प्रकार २००१चा. हा म्हणजे आपला जुना होल्डॉल. गादी आवळून, पट्टे ओढून जवळजवळ निम्मी करतो, पण मुक्कामाला उघडलात की गादी तीच, कापसाची एक गुठळी कमी नाही. आणि तिसरा एमपी३. हा रस आटवून गूळ करतो. दहाव्या हिश्श्यात बसतो, कुणाच्याही फोनवर वाजतो, गोड लागतो. फक्त गुळाचा पुन्हा रस होत नाही. आमच्या हास्यक्लबातले एक गृहस्थ आपली सगळी एमपी३ गाणी फ्लॅकमध्ये बदलून घेतायत, दर्जा सुधारावा म्हणून. गुळात पाणी घातलं की गूळपाणी होतं हे त्यांना कुणी सांगायचं? ते माजी मुख्याध्यापक आहेत.

एमपी३चं टाकण्याचं शास्त्र मात्र ऐकण्यासारखं आहे. जर्मनीत एर्लांगन गावच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि मंडळींनी यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि '.एमपी३' हे शेपूट १९९५च्या जुलैमध्ये ठरलं. त्यांचा मुद्दा असा, की मोठा आवाज चालू असताना त्याच्या शेजारचा बारीक आवाज आपल्या कानाला तसाही ऐकू येत नाही. मग तो लिहायचाच कशाला? टाका. याला म्हणतात मास्किंग. गंमत अशी, की सुरुवातीच्या प्रयोगांत भल्याभल्या वाद्यवृंदांना पुरून उरलेलं हे तंत्र एका बाईपुढे फसलं. सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' हे गाणं. साथीला एकही वाद्य नाही, नुसता तिचा एकटीचा आवाज. तो यंत्रातून चिरफाळून बाहेर पडू लागला. लपायला शेजारी मोठा आवाजच नव्हता ना! ब्रांडेनबुर्ग यांनी मग ते एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकून तंत्र सुधारलं.

हे वाचताना मी एकदम थांबलो, कारण मास्किंग मला जर्मनांच्या आधीपासून माहीत होतं. आमच्या घरात ते चालू होतं. अण्णा एकदा बोलू लागले की त्यांच्या शेजारचं सगळं ऐकू येईनासं व्हायचं. आई बोलत नसे असं नाही. बोलायची, पण अण्णांच्या वाक्याच्या आत. त्यांचं 'मी सांगतो ते ऐक' चालू असताना ती शांतपणे 'पाणी तापलंय' म्हणायची, आणि अण्णा उठून आंघोळीला जायचे. म्हणजे ऐकू येत होतं. फक्त कुणी लिहून ठेवत नव्हतं.

पुढच्या रविवारी नातू म्हणाला, "आवाज साफ करू या. खरखर फार आहे." साफ करण्याची रीत अशी, की सॉफ्टवेअरला आधी नुसत्या खरखरीचा एक तुकडा दाखवायचा, ही बघ, ही घाण. मग ते तीच घाण सगळीकडे ओळखून पुसून काढतं. नातवानं पडद्यावर सपाट जागा शोधली, कुणी बोलत नाही अशी. अकरा सेकंदांची सापडली. ती दाखवली, बटण दाबलं. झालं! अण्णा असे बोलू लागले की जणू आजच आकाशवाणीवर आलेत. खरखर गेली, चाळीतल्या नळाची धार गेली, शिट्टीसुद्धा कुठं तरी लांब गेली. घरातले सगळे वा वा म्हणाले. फक्त हिनं कान दिला आणि म्हणाली, "आईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतोय?"

रात्री मी मूळ रेकॉर्डिंग हेडफोन लावून पहिल्यापासून ऐकलं. ती अकरा सेकंदं कुठली, ते कळलं. अण्णांचं भाषण संपतं. ते म्हणतात, "आता तू बोल." आणि आई बोलत नाही. अकरा सेकंद. त्यात बांगड्या एकदा हलतात, श्वास लागल्यासारखं काही तरी येतं, बाहेर कुणाची तरी बादली वाजते. मग अण्णा म्हणतात, "अगं बोल ना, टेप फुकट चाललीय." तेव्हा कुठं ती भाजणीचं प्रमाण सांगू लागते.

लेकीशी बोलायला उभी राहिलेली आई, आणि तिच्या तोंडून न निघालेला शब्द. आम्ही तो सॉफ्टवेअरला घाणीचा नमुना म्हणून दिला होता.

नातवाचा यात काही दोष नाही. यंत्राचा तर मुळीच नाही, त्याला आपण दाखवू ती घाण. पण मी उठून पाणी प्यालो, आणि पुन्हा बसलो तो पुढचा भाग ऐकायला. तो भाग त्या साफ प्रतीत नव्हताच.

त्याचं असं झालं होतं. आईचं सांगून संपल्यावर मी बटण दाबलं आणि आत जेवायला गेलो. संध्याकाळीच जेवत होतो, कारण बँकेच्या परीक्षेचा क्लास होता. त्या परीक्षेत मी आधी दोनदा गटांगळी खाल्ली होती. तर मी दाबलेलं बटण भलतंच होतं. टेप चालूच राहिली. आणि चाळीस वर्षं उलटून गेल्यावर, डोंबिवलीत, रात्री दीड वाजता, मी अण्णांचं हे बोलणं ऐकलं: "ती मार्गाला लागली. हा आमचा इथंच. याच्या हातून काही व्हायचं नाही."

माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती तर्कशास्त्राची. मला टेप बंद करता आली असती तर ही टीका रेकॉर्ड झाली नसती. ती रेकॉर्ड झाली याचाच अर्थ ती रास्त होती. असा बिनतोड पुरावा कुठल्या वादीला मिळाला असेल?

दुसरी गोष्ट मात्र तर्काची नव्हती. मी ती सांगत नाही.

अण्णांच्या त्या वाक्याच्या पोटात, खरखरीच्या अगदी तळाशी, आईचा आवाज आहे. "असू द्या," ती म्हणते. पुढे आणखी दोन शब्द आहेत. साफ केलेल्या प्रतीत तिथं काहीच नाही, विहिरीतलं बुडबुडणंसुद्धा नाही. मी ते दोन शब्द पंचवीस वेळा ऐकले. मला ते ऐकू येतात, "आहे तो." असू द्या, आहे तो. म्हणजे जवळ आहे. मार्गाला नसेल लागला, पण आहे. सकाळी हिला ऐकवलं. ती म्हणाली, "छे. 'ऐकतोय तो' म्हणतायत. हळू बोला, असं." अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात आमचं एका वाक्यावर एकमत झालेलं नाही, ते मृतांच्या वाक्यावर कुठून व्हायचं?

मग प्रश्न राहिला, ताईला पाठवायचं काय?

हा तुकडा कापणं अगदी सोपं होतं. माउसनं निवडायचा, डिलीट दाबायचं. चुकलंसं वाटलं तर कंट्रोल-झेड, म्हणजे पुन्हा होता तसा. अण्णांच्या काळी बोललेल्या शब्दाला ही सोय नव्हती. मी तुकडा कापला. परत आणला. कापला. अण्णांच्या बाजूनंही विचार केला. माणूस आपल्या घरात, आपल्या बायकोशी, दार लोटून बोलला. ही टेप त्यांनी स्वतः रद्द केली होती, पाठवायची नाही म्हणून सांगितलं होतं. गेलेल्या माणसाचं खासगी बोलणं तिसऱ्याला, भले ती सख्खी लेक असेल, ऐकवायचा मला काय अधिकार? बाजू बळकट होती. फक्त एक अडचण. हे मी अण्णांच्या अब्रूसाठी म्हणतोय की माझ्या? अण्णांनी भाजीवाल्याला शिव्या घातलेल्या असत्या तर मी इतका विचार केला असता का?

आणि कापलं, तर त्या वाक्याच्या पोटातली आई पण जाते. ती काही वेगळी काढता येत नाही. नातवाला विचारलं. तो म्हणाला, "एकाच माइकवर दोघं बोललेत, आजोबा. वेगळं करायचा प्रयत्न करणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण इतक्या खरखरीत ती स्वतःच्या मनानं भरतात." म्हणजे आईच्या तोंडी यंत्राचे शब्द. नको रे बाबा.

गौहर जानची १९०२ सालची रेकॉर्ड मला या दिवसांत सारखी आठवत होती. गाणं संपतं आणि शेवटी ती ठसक्यात आपलं नाव सांगते, इंग्रजीतून. ते रसिकांसाठी नव्हतं. तबकड्या छापायला जर्मनीला, हानोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिराला कुणाची तबकडी कुठली हे कळावं, एवढ्याचसाठी ते होतं. कामापुरतं. काम झाल्यावर पुसलं असतं तरी कुणाची तक्रार नव्हती. आज लोक तान विसरतात आणि ती ओळ लक्षात ठेवतात. पण मग माझ्या मनात येई, गौहर जान नाव तरी स्वतःचं सांगत होती. तिचे वडील तिच्याविषयी काही सांगत नव्हते!

आठ दिवसांनी मी पाठवलं. सगळं, न कापता, न पुसता. फ्लॅकमध्येच पाठवलं, होल्डॉल बांधून. ताईचा उलट निरोप आला: "उघडत नाही." तिच्या फोनला होल्डॉलचे पट्टे सुटेनात. मग त्याचंच एमपी३ केलं, चांगल्या जाड गुळाचं, आणि ते पाठवलं. मूळ डब्ल्यूएव्ही दोन ठिकाणी ठेवलं, आणि कॅसेट परत शेवेच्या डब्यात. 'पुन्हा वापरता येईल' हे खोडायचं मनात होतं, पण अण्णांच्या अक्षरावर पेन चालेना.

ताईचा फोन पहाटे साडेपाचला आला. तिचं म्हणणं तिकडे संध्याकाळच असते. बराच वेळ ती शिट्टीबद्दलच बोलत होती. तीच ती शिट्टी, फुसकी, रबर बदलायला झालेली. मग भाजणीबद्दल. आईनं धने एक वाटी सांगितलेत, ती चाळीस वर्षं अर्धीच घालत आली. मग त्या अकरा सेकंदांबद्दल काहीच बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, "पुढचं ऐकलंस?"

"ऐकलं."

"अण्णा काय म्हणाले ते—"

"अण्णा काय, अण्णा माझ्याबद्दल तुला काय म्हणायचे ते मी कुठं टेप केलंय?"

"आणि आई काय म्हणते गं त्यात? मला वाटतं 'आहे तो'. ही म्हणते 'ऐकतोय तो'."

ताई हसली. "तुम्हा दोघांचे कान तपासून घ्या. अरे, 'जेवतोय तो' म्हणतेय. असू द्या, जेवतोय तो. ताटावरच्या माणसाला बोललेलं तिला कधी चाललंय?"

फोन ठेवला. हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. तसंही असेल. त्या दिवशी चवळीची उसळ होती.